नर रातांबे तोडायचे, मग फळे कोठून?

मा. संपादक महोदय,

आपल्या कालच्या कृषी पुरवणीतील रातांब्यावरचा, म्हणजे कोकमाच्या झाडावरचा, लेख वाचला. रातांब्यात नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, इथवर लेख बरोबर आहे. परंतु ‘न फळणारी नर झाडे काढून टाकावीत’ असा सरसकट सल्ला देताना परागकण कोठून यायचे, एवढा खुलासा लेखकमहाशयांनी केला असता तर आम्हा बागायतदारांवर उपकार झाले असते. मादी कलमांच्या बागेतही सुमारे दहा टक्के नर कलमे ठेवावीत, अशी शिफारस आहे.

लिहायलाच हवे होते ते रोपवाटिकांविषयी. आमच्या तालुक्यातील एका खासगी रोपवाटिकेने बियांची रोपे ‘खात्रीची मादी’ म्हणून कलमांच्या भावाने मला विकली. खात्री कशावरून, असे विचारल्यावर “पान बघूनच सांगतंय, मादीच आसा” असे छातीठोक उत्तर मिळाले. बियांच्या रातांब्याला पहिले फूल यायला सात-आठ वर्षे लागतात आणि तोवर पानावरून नर-मादी ओळखता येत नाही. माझ्याकडे फूल आले तेव्हा बहुतेक झाडे नर निघाली आणि रोपवाटिकेच्या जागी चिऱ्यांचा ढीग होता. इतके दिव्य ज्ञान असलेला गृहस्थ संशोधन केंद्राला लाभला नाही, हे कोकणचे दुर्दैवच म्हणायचे. कलम घेतानाही काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, हे पाहावे लागते, कारण बाजूच्या फांदीचे कलम उंच न जाता आडवे पसरते. याविषयी लेखात अवाक्षर नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ (1997) आणि ‘कोकण हातीस’ (2006) या जाती बियांपासून वाढलेल्या झाडांतूनच निवडल्या गेल्या. ती झाडे ‘निरुपयोगी’ ठरवून सर्वत्र या दोनच जातींची कलमे लावली, तर पुढची निवड कशातून करणार?

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र रातांब्याचे नसून मँगोस्टीनचे आहे. दोन्ही झाडे गार्सिनिया या एकाच वंशातली, पण मँगोस्टीनचे बी परागीभवनावाचून तयार होते, त्यामुळे आपला सल्ला त्या झाडाला चालला असता, फक्त तोडायला नर मिळाला नसता.

थंडीत रातांबा फुलतो आणि नर ओळखू येतो तो तेव्हाच. म्हणून दुरुस्ती त्याआधी, आणि शक्यतो त्याच पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक बागायतदार, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग