आई, तो जुगार नाही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई, तू विचारलंस, "दर रविवारी रात्री अकरापर्यंत त्या यंत्रांपाशी असतेस, तो जुगार तर नाही ना गं?" मी "नाही गं" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मन खातंय. तुझी काळजी अशी एका शब्दात उडवून लावायला नको होती. म्हणून आज नीट बसून लिहिते.

पिनबॉल तुम्ही पाहिलेलं नाही. टेबलाएवढं लाकडी खोकं, वर काच, आणि आतला पट आपल्याकडे साधारण साडेसहा अंशांनी उतरता. मोठ्या सुपारीएवढी, 80 ग्रॅमची पोलादी गोळी स्प्रिंगच्या दांड्याने वर मारायची. ती इकडेतिकडे आपटत, गुण मिळवत खाली येते. खाली दोन पट्ट्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटणं दाबून फ्लिपरने गोळी परत वर टोलवायची. मधून निसटली की गेली. यंत्राला हलका धक्का दिलेला चालतो, पण आत गवंड्याच्या ओळंब्यासारखा ओळंबा टांगलेला असतो. धक्का जास्त झाला की तो भोवतीच्या कड्याला टेकतो, सगळं बंद पडतं आणि गोळी हातची जाते. याला टिल्ट म्हणतात.

आई, तुझी शंका जुनीच आहे. 1942 च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी हा जुगार आहे म्हणून बंदी आणली. पोलिसांनी दुकानादुकानांतून यंत्रं उचलली. महापौर स्वतः घण घेऊन ती फोडतानाचे फोटो आहेत. त्यांचं सगळंच चुकलं होतं असंही नाही. तेव्हा यंत्रांना फ्लिपरच नव्हते. ते 1947 साली आले, गॉटलिब कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी या यंत्रावर. त्याआधी गोळी सोडायची, यंत्र हलवायचं नि बघत राहायचं. पुढे खेळ बदलला, पण कायदा चौतीस वर्षं तसाच राहिला. यंत्रं जिथे बनायची त्या आमच्या शिकागोतही बंदी होती!

एप्रिल 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. रॉजर शार्प नावाचे एक तरुण लेखक तिथे साक्षीला गेले. दोन यंत्रं नेली होती, एक खेळून दाखवायला, दुसरं जास्तीचं. एका सदस्याला वाटलं, पहिल्यात काहीतरी करून ठेवलेलं असणार, म्हणून त्यानं दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्प खेळत राहिले, पण सदस्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. शेवटी त्यांनी दांडा मागे ओढला आणि म्हणाले, आता गोळी वरच्या मधल्या वाटेनेच उतरेल. सोडली, आणि ती तिथूनच उतरली. बंदी उठली. त्या एका फटक्यात नशिबाचाही हात होता, हे त्यांनीच नंतर मोकळेपणाने सांगितलं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो यामुळे.

इथे ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, मग कौशल्य मोजायचं कुठे? त्यासाठी सामने हवेत, नियम हवेत, पंच हवा. मॅनहॅटनमधल्या ब्रॉडवे आर्केडचे मालक स्टीव्ह एपस्टाइन आणि शार्प यांनी ते मनावर घेतलं. 1991 साली न्यूयॉर्कमध्ये 'पापा' या संघटनेची पहिली मोठी स्पर्धा झाली. जगभरच्या खेळाडूंसाठी 'आयएफपीए' ही दुसरी संस्थाही त्याच सुमारास उभी राहिली. ती काही वर्षं चालली आणि मग थंडावली.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. 2006 साली ती संस्था पुन्हा उभी केली रॉजर शार्प यांच्या दोन मुलांनी, जॉश आणि झॅक यांनी. दोघंही अव्वल खेळाडू. जॉश पेशाने अकाउंटंट, आणि ते त्यांच्या पद्धतीत दिसतं. त्यांनी जगाची एकच क्रमवारी केली. कुठल्याही गावातल्या छोट्याशा स्पर्धेचे निकाल रीतसर कळवले की त्यातले गुण त्या यादीत जमा होतात. खेळाडू किती आणि किती तयारीचे, त्यावर स्पर्धेचं वजन ठरतं. आज त्या यादीत एक लाखाहून जास्त नावं आहेत. माझंही आहे, बरंच खाली. यादीपायी गावोगाव लोक स्वतःहून स्पर्धा भरवायला लागले. वडिलांनी खेळाला कायद्यातून सोडवलं आणि मुलांनी त्याला घर बांधून दिलं, असं मला वाटतं.

रविवारी मी तेच काम करते, आमच्या भागापुरतं. दुपारी चारला जाऊन प्रत्येक यंत्रावर पाणसळ ठेवायची, पाय फिरवून ते डावी-उजवीकडे समतल करायचं. काच पुसायची. चौघाचौघांचे गट पाडायचे, गुण लिहायचे. वाद झाला तर निर्णय द्यायचा.

मागच्या महिन्यात सोळा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत आला होता. त्याची गोळी एका कोपऱ्यात अडकली. अशा वेळी हात वर करून पंचाला बोलवायचं. मी किल्लीने उघडून, काच सरकवून गोळी सोडवते आणि फ्लिपरवर ठेवून देते. त्याला ते ठाऊक होतं. पण हात वर करायच्या ऐवजी त्यानं यंत्र हलवलं. टिल्ट. नियमाप्रमाणे ती गोळी गेली, आणि तसं मलाच सांगावं लागलं. त्याचे डोळे भरून आले. त्याची आई मागेच उभी होती.

बाबा, त्या क्षणी मला आपल्या सांगलीच्या मंडळाचा हॉल दिसला. गणपतीतले कॅरमचे सामने. बोर्डावर शेडचा दिवा, बोरिक पावडरीने पांढरी झालेली तुमची बाही. उपांत्य सामन्यात दादाचा हात बाणाला लागला आणि तुम्ही फाऊल दिलात. समोरच्याला तो दिसलाही नव्हता. दादा हरला. आई, तू त्या रात्री बाबांशी बोलली नव्हतीस. मीही रुसले होते. आता मला ते फार चांगलं कळतं. त्या मुलाला मी नंतर बाहेर बाकावर बसवून नियम पुन्हा समजावला. पुढच्या रविवारी तो आला होता.

आई, पैशांचंही सांगते. खेळायला येणाऱ्यांकडून थोडी वर्गणी घेतो, ती यंत्रांच्या दुरुस्तीला आणि बक्षिसांना जाते. मी एक पैसा घेत नाही. बाबांनीही कधी घेतला नव्हता.

दिवाळीत तीन आठवडे येतेय. बाबा, तुमची ती निळी वही, सामन्यांच्या चिठ्ठ्यांची आणि निकालांची, माळ्यावर असेल. खेळाडू विषम झाले की बाय, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, कोणाला द्यायचा, याचा तुमचा काहीतरी ठरलेला नियम होता. मला तो हवाय. पण माळ्यावर तुम्ही चढू नका. मी आले की मीच काढते.

तुमची,
मनू