७५ फेऱ्यांचा हिशेब

महोदय,

अमेरिकी मुष्टियोद्धे जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्गला ७५ फेऱ्या लढले, म्हणून त्यांच्यापुढे आजचे मुष्टियोद्धे लेचेपेचे, हे नेहमीचे म्हणणे पटत नाही. ही लढत ज्या लंडन प्राइझ रिंगच्या, म्हणजे उघड्या मुठींच्या लढतींच्या, नियमांनी झाली, त्यांत फेरीला ठरावीक वेळच नव्हती. कुणी खाली पडला की फेरी संपे. मग ३० सेकंद विश्रांती आणि मध्यरेषेवर येऊन उभे राहायला आणखी ८. कंबरेच्या वर पकडून आपटणेही नियमात बसे, त्यामुळे कितीतरी फेऱ्या ठोशाविनाच संपत. ही लढत २ तास १६ मिनिटांची. फेऱ्यांमधले हे ३८ सेकंद वजा केले तर फेरीला सरासरी सव्वा मिनिटही येत नाही.

१८६०ची टॉम सेयर्स आणि जॉन हीनन यांची उघड्या मुठींची लढत तर गर्दी रिंगणात घुसल्यावर अनिर्णित सुटली; तिच्या फेऱ्या कुठे ३७, तर कुठे ४२ सापडतात. तेव्हा बेकायदा असलेल्या या खेळाची अधिकृत नोंदवही ठेवणार कोण?

जुलैच्या उन्हात उघड्या मुठींनी सव्वादोन तास टिकणाऱ्या सलिव्हनचे मोठेपण यात कुठेही उणावत नाही. पण विक्रमांच्या तक्त्यात फेऱ्यांशेजारी मिनिटे आणि नियमही छापावेत. आणि १८९२ मध्ये मुष्टियोद्धा जेम्स कॉर्बेटकडून २१व्या फेरीत झालेला त्याचा पराभव, हातमोजे घालून तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांतला, वेगळ्या रकान्यात.

— एक वाचक, सातारा