निठारीची मुले मारली कोणी?

नोएडाजवळच्या निठारी गावातील मुले बेपत्ता होऊन मारली गेल्याच्या प्रकरणातील उरलेल्या शेवटच्या खटल्यातूनही सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी आरोपी सुरेंद्र कोलीची निर्दोष मुक्तता केली. पुरावा टिकत नसेल तर माणूस सुटणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिसेंबर २००६ मध्ये नोएडातील, कोली नोकर असलेल्या बंगल्यामागच्या नाल्यातून निघालेल्या कवट्या तर खोट्या नव्हत्या! अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच तपासाचे वाभाडे काढले होते. अवयवविक्रीची शक्यता धड तपासलीच गेली नाही, असेही म्हटले होते. मुलगी हरवली म्हणून पोलीस ठाण्यात गेलेल्या मजूर आईबापांना त्या काळात ‘पळून गेली असेल’ म्हणत वाटेला लावले जात होते. (त्याच वर्षी नोएडातल्या एका बड्या कंपनी अधिकाऱ्याचा पळवलेला मुलगा मात्र काही दिवसांत घरी परतला.) मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवाच, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते थेट २०१३ मध्ये. आता १९ वर्षांनी साक्षीपुरावे कुठून आणणार, हे कळते. तरीही नव्याने तपास होणार की फाइल कायमची बंद, एवढे तरी सरकारने त्या पालकांना तोंडावर सांगावे.

– एक वाचक, ठाणे