चित्ररथावरचे गुराब गुराबासारखे दिसू द्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत ‘महाराजांचे आरमार’ म्हणून जे जहाज फिरते, त्याची पिछाडी माडीसारखी उंच, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्यांची रांग आणि शिडे चौकोनी. हे फिरंग्यांचे जहाज झाले. मालिकांतही तेच दिसते. संगणकावर आयते मिळते ते बहुधा युरोपीयच.

अठराव्या शतकातल्या वर्णनांत आंग्र्यांचे गुराब, म्हणजे मराठा आरमारातले मोठे लढाऊ जहाज, स्पष्ट दिसते: मध्ये ऐसपैस रुंद, पुढे निमुळते, दोन किंवा तीन डोलकाठ्या, नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, बुटकी आणि पुढे आलेली. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या ९ ते १२ पौंडी दोन तोफा. चित्ररथवाले तिथेच सिंहाचे मुंडके बसवतात. पहिला गोळा सिंहाच्याच मानेत जायचा! गलबत याहून लहान, ४०-५० वल्ह्यांचे, एका मोठ्या त्रिकोणी शिडाचे. वारा पडला तरी ते चाले. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटाच्या लढाईत इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याची वाट बघत राहिली आणि आपल्या होड्या रात्री वल्ही मारत बेटावर रसद पोचवत राहिल्या. त्या लढाईतले महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान देखाव्यात क्वचितच असतात. नाळेवर महाराज एकटेच तलवार उपसून.

चूक होते ती ट्रकमुळेही. हौदा जेमतेम आठ फूट रुंद. त्यात गुराब बसवले की ते अरुंद होते, मग भव्यपणासाठी उंची वाढवतात. त्यापेक्षा गलबत करावे. वल्ही प्रत्येक कुशीला सहा-सात पुरेत, पण आखूड आणि वर उचललेली, नाहीतर गर्दीत लागतात. परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो वासा, दोरीने खाली घेता आले पाहिजे, कारण बाजारपेठेत विजेच्या तारा आडव्या येतात. शीड मांजरपाटाचे, फ्लेक्सचे वाऱ्यात फुगते आणि डोलकाठीच वाकवते.

आपल्या खात्याने दोनच गोष्टी कराव्यात. गुराब आणि गलबताचे बाजूने व वरून काढलेले, मापे घातलेले आराखडे फुकट उपलब्ध करावेत. आणि सरकारी पैशातून होणारा देखावा वा माहितीफलक आराखडा तपासल्याशिवाय मंजूर करू नये. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. निदान तिथल्या फलकांवर तरी फिरंगी जहाज नको.

आराखडे डिसेंबरात मिळाले तर १९ फेब्रुवारीसाठी सुतारांना वेळ पुरेल. तिथीवाल्यांना आणखी थोडा.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील आरमार-अभ्यासक