तूर फुलोऱ्यात आहे, फवारणीआधी वाचा

सर्व मधपेटीधारक आणि शेजारच्या वावरवाल्यांसाठी. शेंगअळीकरिता इमामेक्टिन किंवा क्विनॉलफॉस मारणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, फवारा संध्याकाळी पाचनंतरच काढा. सकाळी दहाला मारले तर औषध थेट फुलावरच्या मधमाशीवर पडते.

निरोप मिळाला की रात्री, सगळ्या माशा आत आल्यावर, पेटीच्या दाराला बारीक जाळी लावा. फळी ठोकू नका. दुपारी आत कोंडून पोळे खचते. पेटीवर ओला बारदाना, आत साखरपाणी १:१. एक दिवस पुरे, त्याहून जास्त कोंडू नका.

पेटीसमोर सोंड बाहेर काढून मेलेल्या माशांचा खच म्हणजे बहुधा विषबाधाच. परागाने भरलेल्या चौकटी लगेच काढा, नाहीतर अळ्याही त्याच परागावर पोसल्या जाऊन मरतात. आणि पंप नालीत धुवू नका, माशा तिथेच पाणी पितात. हे दरवर्षी सांगावे लागते!