फटाके एक्सलेटर सोडल्यावर वाजतात, पिळल्यावर नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात मॉडिफाय सायलेन्सरवरची बातमी वाचली. विषय घेतलात ते चांगलंच केलंत, पण 'एक्सलेटर पिळून फटाके काढणारे तरुण' असं जे छापलंय ते वाचून राहवलं नाही. पिळल्यावर नुसता मोठा आवाज येतो, सायलेन्सरमधनं फटाक्यासारखा बार वाजतो तो एक्सलेटर सोडल्यावर. तुम्हाला हे किरकोळ वाटेल, मला वाटत नाही, कारण शहापुरात आमचं घर रस्त्यावरच्या हंपला (स्पीडब्रेकरला) लागून आहे. गल्लीच्या तोंडापासून गाडी रेस करत येते, हंप दिसला की पोरगं एक्सलेटर सोडतं आणि फाट फाट फाट ते सगळं आमच्या खिडकीखाली. आई अंथरुणाला खिळून आहे, रात्री जरा कुठं डोळा लागला की दचकून उठते आणि मग बराच वेळ माझा हात सोडत नाही.

माझं आयुष्य गॅरेजात गेलंय, म्हणून सांगतो. एक्सलेटर बंद केला की इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल तसंच तापलेल्या बेंड पाइपात (इंजिनातनं सायलेन्सरकडं धूर नेणाऱ्या नळीत) जातं आणि तिथं हवा मिळाली की भडकतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पण थोडंफार होतं, पण आतले पडदे आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवाज दाबतात. फ्री फ्लो म्हणतात त्या मॉडिफाय सायलेन्सरमध्ये आत अडवायला फारसं काही नसतंच.

मागं एकदा असल्याच एका बुलेटवाल्याला हंपवरच थांबवलं. म्हणतो, 'काका, पॉप्स येतात म्हणजे गाडी पॉवरला आलीय की ओ!' इंजिनाच्या हेडला बेंड पाइप जिथं बसतो तिथं बॅटरी मारून दाखवली, जॉइंटभोवती सगळी काजळी. नवा पाइप घालताना जुनीच गॅस्केट (जॉइंटमधली सील) दाबून बसवलेली, तिथनं हवा ओढत होती. पॉवर कसली, लीकेज ते! दुसऱ्या दिवशी गॅस्केट बदलली, कार्बोरेटरमधला पायलट जेट (पेट्रोल सोडणारं बारीक नोझल) एक नंबर मोठा घातला, हवेचा एअर स्क्रू सेट केला, फटाके जवळजवळ बंद. पण हा पाइपच काढ आणि कंपनीचा घाल म्हटल्यावर तोंड पाडून निघून गेला.

हे झालं न कळून करणाऱ्यांचं. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून बार काढणारे वेगळे. इंजिन फिरत असतं, ठिणगी नसते, कच्चं पेट्रोल सायलेन्सरात साठतं आणि चावी फिरवली की धडाम. त्यांना पक्कं माहीत असतं आपण काय करालोय ते. तुम्ही दोघांना एकाच बातमीत कोंबलंत, एकाला मिस्त्री पाहिजे आणि दुसऱ्याला दंड.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, ३ महिने लायसन्स बाद करायची तरतूद आहे. कायदा कमी नाही. पण तपासणी बघावी तर मोठ्या चौकात, सिग्नलला, तिथं ही पोरं गोगलगाय होऊन उभी असतात. हंपजवळ उभं राहा, उतारावर उभं राहा. रविवारी कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाट उतरताना ऐका, एक्सलेटर बंद करून गिअरवर गाडी सोडलेली असते आणि अख्ख्या घाटात फटाके. आणि असले पाइप उघड उघड बसवून देणाऱ्यांना कुणी विचारणार आहे का नाही?

आता लिहितोच आहे तर हंपचं पण छापा. पांढरे पट्टे केव्हाच पुसले गेलेत, खांबावरचा दिवा बंद, त्यामुळं रात्री गाडीवाल्याला हंप दिसतो तो अगदी जवळ आल्यावर आणि तेव्हाच सगळे एकदम एक्सलेटर सोडतात. सांगायचं तिथं सांगून झालंय. तुमचा फोटोग्राफर रात्री दहानंतर पाठवा, हंप मी दाखवतो.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर-बेळगाव