शेव्हर्सचा उजवा हात

कोल्हापूर

प्रिय अविनाश,

मुष्टियुद्धात सगळ्यात जोरात कोण मारतो या आपल्या वादात परवा तू "माइक टायसनच, विषय संपला" म्हणालास आणि फोन ठेवलास. माझ्या बाजूनं तो संपला नव्हता. तीन रात्री जागून जुन्या लढती पुन्हा पाहिल्या आणि आज सवडीनं लिहायला बसलोय.

हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, सगळ्यात जोरात कोण मारतो हे तू नॉकआउटच्या आकड्यांवरून ठरवतोस. तसं असेल तर तुझा टायसनही मागं पडेल. ब्रिटनच्या टायसन फ्युरीसमोर (हा टायसन वेगळा) पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरच्या नावावर 40 विजय होते आणि त्यातले 39 नॉकआउट. (हा तोच वाइल्डर. 2008 साली बीजिंगमध्ये विजेंदरनं ब्राँझ मिळवलं आणि आपण तुमच्या गल्लीत पेढे वाटले, त्याच ऑलिंपिकमध्ये यानंही ब्राँझ मिळवलं होतं.) त्याचा उजवा हात जबरदस्त आहे, वादच नाही. डिसेंबर 2018 मध्ये लॉस एंजेलिसला बाराव्या फेरीत फ्युरी पाठीवर आडवा झाला, तेव्हा मीही खुर्चीतून उठलो होतो. तरी तो उभा राहिला आणि फेरी पुरी केली. फ्युरी वीस किलोंनी जड होता हेही धर. समोर कोण होतं हे आकडा सांगत नाही.

यंत्रानं मोजावं म्हणशील, तर तेही झालंय. 1985 मध्ये ब्रिटनमध्ये संशोधकांनी तिथल्या हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजला. मूठ सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर वेगानं आली, आणि लागल्यापासून सेकंदाच्या सत्तराव्या भागात चारशे किलो वजनाइतका जोर पडला. वाचून अंगावर काटा येतो. पण यंत्र मान वळवत नाही, मागं सरत नाही, आणि ठोसा येताना त्याला दिसत नाही.

मग कुणाला विचारायचं? ज्या दोघांची तुलना करायची, त्या दोघांचाही मार ज्यानं खाल्लाय त्याला. माझ्या मते याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

तुला आपल्या क्लबातला तो रेल्वेतला दादा आठवतो का? वजन जेमतेम 64 किलो. तो सराव करायचा तेव्हा ठोसे मारायची टांगती बॅग मी खांदा लावून धरायचो. नव्वद किलोचा एक गडी मारायचा तेव्हा बॅग झोका घेऊन माझ्या अंगावर यायची, साखळी कडकडायची, बघणारे वा वा करायचे. दादा मारायचा तेव्हा बॅग जागची हलायची नाही. नुसता 'ठप्' असा आवाज, आणि बॅगेच्या पलीकडून माझ्या बरगडीत कळ जायची. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना तिथं काळंनिळं दिसायचं. बघणाऱ्यांनी त्या जड गड्याला पहिला नंबर दिला असता. बॅग धरणाऱ्यानं, म्हणजे मी, दादाला.

हेवीवेटमध्ये असे बॅग धरलेले लोक आहेत. विश्वविजेता राहिलेला लॅरी होम्स अमेरिकेच्या अर्नी शेव्हर्सशी लढला आणि माइक टायसनशीही. रॉन लाइल शेव्हर्सशी लढला आणि दोनदा विश्वविजेता झालेल्या जॉर्ज फोरमनशीही. जेम्स टिलिस 1982 मध्ये शेव्हर्ससमोर आणि 1986 मध्ये टायसनसमोर पूर्ण दहा फेऱ्या टिकला. तिघांनीही पुढं बोट दाखवलं ते शेव्हर्सकडं. आणि लक्षात घे, लाइल आणि टिलिस यांनी शेव्हर्सला हरवलं होतं. होम्सनं तर दोनदा. हरवलेल्या माणसाला मोठं करून त्यांना काय मिळणार होतं? मोहम्मद अलीनं 1977 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्याशी पंधरा फेऱ्या काढल्या. लढत अलीनं जिंकली, पण पुढं तो सांगायचा की शेव्हर्सचा ठोसा आफ्रिकेतल्या माझ्या भाऊबंदांपर्यंत पोचला.

आता तुझं म्हणणं. होम्स शेव्हर्सच्या ठोशानंतर उठला आणि 1988 मध्ये टायसनसमोर मात्र चौथ्या फेरीत संपला, मग जोर कुणाचा जास्त? हा प्रश्न खरा आहे, मी तो टाळत नाही. टायसनसमोरचा होम्स 38 वर्षांचा होता आणि जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर होता, हे एक. दुसरं असं की टायसनचं बळ त्याच्या वेगात होतं. एक चुकवावा तोवर दुसरा आणि तिसरा आलेला असायचा, आणि जो ठोसा दिसत नाही त्याच्यासाठी मान आवळायला वेळच मिळत नाही. स्पिंक्सला त्यानं 91 सेकंदांत झोपवला तो असाच. गडी संपवायची ती कला मी मानतो. पण आपला वाद एका ठोशाच्या वजनाचा आहे.

माझं मन खरं अडतं ते फोरमनपाशी. मार्च 2025 मध्ये तो गेला त्या रात्री मी त्याची 1973 ची जमैकातल्या किंग्स्टनची लढत लावली. तेव्हाचा विश्वविजेता जो फ्रेझियर याच्यासारखा माणूस दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली, आणि शेवटच्या वेळी तर पायच जमिनीवरून उचलले गेले. तो मारायचा तेव्हा बॅगेला खळगा पडायचा. 1994 मध्ये 45 व्या वर्षी, नऊ फेऱ्यांनंतर गुणांत मागं असताना, दहाव्या फेरीत त्यानं तेव्हाच्या विश्वविजेत्या मायकेल मूररला आखूड उजव्या हातानं झोपवलं. वय झालं, पाय जड झाले, पण हाताचं वजन गेलं नाही. शेव्हर्स आणि तो कधी समोरासमोर आले नाहीत याची मला अजून हळहळ वाटते. पूर्ण लढतभर कुणाचा मार नको असेल तर मी फोरमनचं नाव घेईन. एकच ठोसा म्हणशील तर शेव्हर्सचं. यावरून मी हलणार नाही.

शेव्हर्सही 2022 मध्ये गेला. त्याला विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 1979 मध्ये लास व्हेगासला तो त्याच्या अगदी जवळ होता. दिवाळीत येशील तेव्हा तीच लढत लावू. सातवी फेरी, आवाज बंद करून. उजवा हात वरून येतो, होम्स कोसळतो. तू ठोसा बघू नकोस, होम्स उठतो तेव्हा त्याचे पाय बघ. मग सांग.

आईंना नमस्कार, वहिनींनाही. त्यांच्या हातचे अनारसे राखून ठेवायला सांग.

तुझा,
श्रीधर